बापूकाकांनी पाहिलेली मुंबई

बार्शीच्या देशमान्यांच्या घरी मुंबईची सहल ठरत होती, म्हणजे बापूकाका एकटेच ठरवत होते. ते घरातले थोरले आणि मुंबई पाहून आलेले, त्यामुळे त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. एका दिवसात नऊ ठिकाणं उरकायची, असा त्यांचा बेत होता. अकरा वर्षांची मृण्मयी तेवढी हटून बसली होती.

"मला अख्खा दिवस वस्तुसंग्रहालय बघायचंय."

"काय आहे त्यात? दहा मिनिटांत होतं. मी पाहिलंय!" काका गरजले आणि पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलमधले फोटो तिच्यापुढे धरले. "हे बघ. आता पुन्हा तोंड उघडलंस तर तुला घरीच ठेवीन."

मृण्मयीनं फोटो निरखून पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवला.

"ठेवा घरी. पण एक सांगा, काका. तुम्ही ज्या मूर्तीपुढे उभे आहात, तिच्या हातात काय आहे?"

काकांनी छताकडे पाहिलं. "असेल शंख, नाहीतर चक्र."

"वीणा आहे. प्रत्येक फोटोत तुम्ही फोटो काढणाऱ्याकडे बघताय. त्या मूर्तीनं तुमची पाठ तरी पाहिली, काका. तुम्ही तिचं काहीच पाहिलं नाहीत."

काकांचा हात मोबाइलकडे गेला आणि तसाच मागे आला.

इतका वेळ गप्प बसलेली मृण्मयीची आई म्हणाली, "मग ठरलं. अख्खा दिवस संग्रहालय. भाऊजी, तुम्हीही चला. तुम्हीही पहिल्यांदाच बघणार आहात."