पाखऱ्या मोठा की मोरणी

कोणाच्या पणजोबालाही आठवणार नाही इतक्या मागे, डोंगरांच्या आड एक राज्य होतं. लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यातली चूक तुमच्याच वयाच्या माणसांनी केली आहे.

त्या राज्याला घोड्यांच्या शर्यतीचं वेड होतं. दरवर्षी नदीकाठच्या माळावर सात कोसांची शर्यत व्हायची. पहिल्या येणाऱ्या घोड्याच्या गळ्यात राजा स्वतःच्या हाताने हार घालायचा.

त्या माळावर पाखऱ्या नावाचा घोडा लागोपाठ अकरा वर्षं धावला आणि अकराही वर्षं पहिला आला. रंगाने पारव्यासारखा, अंगाने सडपातळ. धावायला लागला की बघणाऱ्याला टापा दिसायच्या नाहीत, नुसती मागे धूळ दिसायची. तो म्हातारा झाला तेव्हा राजाने तो त्याच्या मोतद्दारालाच देऊन टाकला. मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा चाकर. त्याचं नाव रखमाजी. पाखऱ्या शिंगरू होता तेव्हापासून रखमाजीनेच त्याला खरारा केला होता आणि दाणा चारला होता. रखमाजीला आणि त्याच्या बायकोला, साळूला, मूलबाळ नव्हतं. पाखऱ्या होता.

एका उन्हाळ्यात राजाच्या मनात आलं, राजधानीच्या वेशीपाशी दगडी खांब उभारावा आणि राज्यात आजवर झालेल्या सर्वांत मोठ्या घोड्याचं चित्र त्यावर कोरावं. खांब एक, घोडा एक.

वरची आळी म्हणाली, "पाखऱ्या."

खालची आळी म्हणाली, "मोरणी."

मोरणी ही राजाच्या आजोबांच्या वेळची घोडी. ती मरून सत्तर वर्षं झाली होती. तिला धावताना पाहिलेला एकही माणूस जिवंत उरला नव्हता, आणि म्हणूनच ती दरवर्षी थोडी थोडी जास्त जोरात धावू लागली होती. मेलेल्या घोडीला ठेच लागत नाही, धापही लागत नाही. जित्या घोड्याने तिच्याशी बरोबरी करायची तरी कशी?

आता त्या गावचा एक नियम सांगते, तो नीट ध्यानात घ्या. ज्या जनावरावरून वाद असेल ते निकाल लागेपर्यंत चौकातल्या दगडी खुंट्याला बांधून ठेवायचं, आणि तोवर त्याला कोणी घास द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही. हा नियम कुण्या शहाण्या न्यायाधीशाने केला होता. दोन भाऊ एका गाईवरून भांडत होते आणि दोघेही तिला गूळ चारून आपल्याकडे ओढत होते. न्यायाधीश म्हणाला, "दोघेही हात मागे घ्या. गाय उपाशी आहे हे डोळ्यांसमोर असलं की तुमचं भांडण लवकर मिटेल." आणि खरंच मिटलं. दुपारच्या आत मिटलं.

पुढे पिढ्या गेल्या. नियम उरला, दुपार विसरली.

पाखऱ्याला चौकात आणायचा हुकूम निघाला. रखमाजीने त्याला आंघोळ घातली, आयाळीत लाल गोंडे बांधले आणि मिरवत चौकात नेलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी मुद्दाम सांगते.

चौकात मांडव घातला होता. मांडवाखाली माणसं आणि बाहेर उन्हात घोडा. खालच्या आळीच्या बाजूने एक शास्त्री बोलायला उभा राहिला, वरच्या आळीच्या बाजूने एक म्हातारा शिलेदार.

"पाखऱ्या अकरा वेळा पहिला आला," शिलेदार म्हणाला. "तुमची मोरणी किती वेळा?"

"सात. पण तेव्हा माळावर दगडगोटे होते. आता तुम्ही शर्यतीआधी माळ झाडून घेता, अंगण झाडावं तसा."

"आणि तिच्याबरोबर धावायला होतं कोण? ओझ्याची तट्टं!"

"पाखऱ्याबरोबर तरी कोण होतं? एक आंधळा आणि दोन लंगडे."

"शास्त्रीबुवा, तुम्ही मोरणीला पाहिलंत का?"

"माझ्या आजोबांनी पाहिलं. तिच्या टापांखाली ठिणग्या उडायच्या."

"तुमचे आजोबा तर अंथरुणातून कधी उठलेच नाहीत म्हणतात!"

सगळा मांडव हसला. राजाही हसला. रखमाजीही हसला. त्याला राजाने पुढच्या रांगेत जाजमावर बसवलं होतं. जन्मभर ज्याला लोक 'ए मोतद्दारा' म्हणून हाक मारत आले, त्याला आज 'रखमाजीबुवा, इकडे सरका, इकडे सावली आहे' असं म्हणत होते.

संध्याकाळ झाली. निकाल लागला नाही. माणसं घरी जेवायला गेली. घोडा खुंट्यापाशी राहिला.

साळू डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आली. शिपायांनी भाले आडवे धरले.

"मावशी, नियम आहे."

"नियमाला तहान लागते का रे? घोड्याला लागते."

"आम्ही काय करणार? तुमच्या धन्याला सांगा. ज्याचं जनावर आहे त्याने हार मानली की वाद तिथेच संपतो. मग खुशाल पाजा."

साळू तशीच घरी आली. रखमाजी नुकताच जेवून हात धूत होता.

"उद्या सकाळी उठा आणि सांगा, आमचा पाखऱ्या कमी, मोरणी मोठी. एवढंच बोलायचंय."

"अगं, पण तो कमी नाही."

"नाही, हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. त्याला स्वतःलाही ठाऊक असेल. मग चौकात ठरवायचं काय राहिलंय?"

"खांबावर चित्र निघेल, साळू. आपण मेलो तरी तो राहील."

"आणि तो मेला तर?"

"एका दिवसाने काय होतंय? उद्या निकाल लागेल बघ. शास्त्र्याकडे आता बोलायला काही उरलेलं नाही."

शास्त्र्याकडे बोलायला काही उरत नाही असं कधी झालंय का? दुसऱ्या दिवशी तो पाच पोथ्या घेऊन आला. मोठेपणा म्हणजे वेग की दम, यावर सकाळ गेली. मोरणीच्या वेळचा कोस आणि आताचा कोस सारखाच होता का, यावर उरलेला दिवस. मधे शिलेदाराने रखमाजीला उभं केलं आणि म्हणाला, "बुवा, पुराच्या वर्षीची शर्यत सांगा."

रखमाजी बोलू लागला. नदी कशी फुगली होती, बाकीचे घोडे कसे काठावरच बिचकले, पाखऱ्याने कशी उडी घेतली. माणसं माना डोलवत होती. राजा पुढे सरकून ऐकत होता. रखमाजीने ती गोष्ट सांगितली आणि लोकांनी आग्रह केला म्हणून पुन्हा सांगितली. मागे दहा पावलांवर पाखऱ्या मान खाली घालून उभा होता. त्याचे ओठ कोरडे पडून चिरले होते. रखमाजीची त्याच्याकडे पाठ होती.

त्या दुपारी सभा जरा थांबली तेव्हा कुंभाराचं गाढव चौकातून चाललं होतं. हौदावर पोटभर पाणी पिऊन ते पाखऱ्यापाशी थांबलं.

"दादा, तुम्ही नक्की केलंत तरी काय?" गाढवाने विचारलं.

"शर्यती जिंकलो," पाखऱ्या म्हणाला.

"आणि त्याची ही शिक्षा?"

"शिक्षा नव्हे. मी किती मोठा ते ठरवतायत."

"ठरवून झालं की पाणी देणार?"

"असं ऐकतोय."

गाढवाने कान हलवले. "बरं झालं बुवा, आमच्या घरात कोणी कधी पहिलं आलं नाही," असं म्हणत ते आपल्या वाटेने गेलं. त्याला अडवायला कोणी भाला आडवा धरला नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की मांडवाखालच्या माणसांना शिपाई दर घटकेला पन्हं आणून देत होते. त्याच पन्ह्याचा पेला रखमाजीच्या हातात आला. त्याने तो ओठांना लावला, आणि का कोण जाणे, वळून मागे पाहिलं.

पाखऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. डोळे खोल गेले होते. तो रखमाजीकडे पाहत नव्हता, पेल्याकडे पाहत होता.

रखमाजीच्या हातून पेला पडला. तो धडपडत उठला.

"महाराज! माझा घोडा कमी. मोरणी मोठी. मी हरलो. सोडा त्याला!"

मग वरच्या आळीतून ओरडा उठला, "फितूर! फितूर झाला मोतद्दार!" पुन्हा मोतद्दार. बुवा संपला.

"कोणी शिकवलं तुला हे?" शिलेदार कडाडला. "आम्ही तीन दिवस घसा कोरडा केला तो यासाठी?"

खालच्या आळीला आनंद व्हायला हवा होता. पण शास्त्री म्हणाला, "थांबा. असा विजय मोरणीला शोभणार नाही. याने दयेपोटी हार मानलीय, पटलं म्हणून नव्हे. दयेपोटी मानलेली हार खरी धरायची का, याचा आधी विचार व्हायला हवा."

आणि बाळांनो, त्यांनी त्याचाही विचार सुरू केला.

रखमाजी राजाच्या पायांशी बसून हात जोडत राहिला. राजा कधी शास्त्र्याकडे बघे, कधी शिलेदाराकडे. वाद रंगात आला होता, तो मोडणं त्याच्या जिवावर आलं. अखेर साळूच भाल्यांखालून घुसली. एक भाला तिच्या खांद्याला लागला, रक्त आलं, पण तिने घागर सोडली नाही. तिने ती पाखऱ्याच्या तोंडापाशी धरली.

पाखऱ्याने तोंड पाण्यात बुडवलं. त्याला गिळता येईना. जेवढं पाणी तोंडात गेलं तेवढं ओठांच्या कडेने परत खाली आलं. त्याचे पुढचे पाय दुमडले, मग मागचे. त्याने साळूच्या पायावर मान टाकली आणि ती पुन्हा उचलली नाही.

तेव्हा कुठे राजा म्हणाला, "पाणी पाजा त्याला."

तुम्हाला वाटेल, सगळ्यांना लाज वाटली असेल. थोडा वेळ वाटलीही. मग खालच्या आळीतलं कोणीतरी हळूच म्हणालं, "मोरणी असती तर चार दिवस तग धरून राहिली असती."

"तीन दिवस उन्हात उभा होता, पण बसला नाही," वरच्या आळीतून उत्तर आलं. "यालाच मोठेपणा म्हणतात!"

आणि वाद पुन्हा सुरू झाला. आता दोन्ही घोडे मेलेले होते, त्यामुळे बरोबरीचा झाला.

रखमाजीने आणि साळूने पाखऱ्याला माळाच्या कडेला पुरलं आणि ते राज्य सोडलं. ही बातमी घोडे पाळणाऱ्यांमध्ये पसरली. ज्यांच्याकडे चांगली जनावरं होती ते एकेक करून सीमेपलीकडे निघून गेले. आपला घोडा मोठा म्हणून ओळखला जावा असं आता कोणालाच वाटेना. पुढच्या वर्षी शर्यतीला सहा घोडे आले, त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. माळावर काटेरी झुडपं माजली. राजाने खांब उभारला, पण त्यावर काय कोरायचं ते ठरेना, म्हणून तो कोराच राहिला. दोन पिढ्यांनी त्या राज्यात घोडा पाहिलेली माणसंही संपली. तरी खांबाखाली दोन्ही आळ्यांची माणसं जमत आणि पाखऱ्या मोठा की मोरणी यावरून एकमेकांच्या पगड्या उडवत.

रखमाजी परमुलखात गवत कापून जगला. तिथे लोक त्याला म्हणायचे, "त्या शास्त्र्याने आणि त्या राजाने तुमचा घोडा मारला, होय ना?"

तो मान हलवायचा. "नाही. मी दोन दिवस जाजमावर बसून होतो."

साळूने त्याला कधी बोल लावला नाही, आणि कधी सांत्वनही केलं नाही.

तात्पर्य: ज्याचा मोठेपणा तोंडभर सांगता त्याच्या तहानेकडे जर तुमची पाठ असेल, तर ते कौतुक त्याचा जीव घेतं.