अजगराचा भरलेला उंदीर

फार जुन्या काळी एका धान्यकोठारात उंदरांवर राखणीला अजगर पाळला होता. तो अंगाने दांडगा झाला, तशी उंदरांनी त्याची भूक भागेना. राखणदार येसाजीने त्याच्यापुढे घूस ठेवली, तर म्हणाला, "आमच्या घराण्यात घूस कोणी खात नाही."

येसाजीने मग ती घूस उंदरांच्या बिळातल्या काडीकचऱ्यात लोळवून आणली. अजगराने वास घेतला आणि गिळली.

"आजचा उंदीर चांगला भरलेला होता," तो म्हणाला.

दुधीचं नाव काढलं तरी ताटावरून उठणारा येसाजी घरी जेवताना हे बायकोला हसत हसत सांगत होता.

"जनावरच ते, त्याला काय कळतंय," म्हणत त्याने तिसरं थालीपीठ घेतलं. "आज फार मऊ झालीत."

"हो ना," ती म्हणाली, आणि तिने दुधीची सालं हळूच पाटाखाली सारली.