मधली फरशी आणि जैतूनचाचीचा ओटा

या पाव्हणं, सावलीत या. ओढ्याच्या पुलाच्या वरच्या टोकाला ही पत्र्याची शेड दिसते ना, ती आमच्या माळशिंगीच्या आठवडी बाजाराची. गुरुवारी इथं कांदे-बटाटे असतात. पण वर्षातून तीन दिवस मधोमध ते टेबल मांडतात आणि पंचक्रोशीतले हौशी संघ स्टिक-बॉलचा पूल खेळायला येतात. तुम्ही पहिल्यांदाच आलाय, म्हणून खांबावरची नियमावली वाचत उभे राहिलात. दहा नियम सगळीकडचेच आहेत. अकराव्याला तुमचा कॅप्टन हसला, मी बघत होतो. "विजेत्या संघाने हात धुऊन सर्वांसाठी भाकऱ्या कराव्यात." छापायची चूक नाही ती, तसंच आहे. कॅप्टनला म्हणावं, हसून घे, जिंकलास तर कळेल.

सांगतो, पण एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो. मी खालच्या पेठेचा, गुलशन हॉलचा. त्यामुळं वरच्या पेठेबद्दल माझ्या तोंडून काही चांगलं निघालं, तर ते नक्की खरं आहे असं समजायचं.

ओढ्याच्या या अंगाला वरची पेठ, तिथं प्रभात हॉल. त्या अंगाला खालची पेठ, तिथं आमचं गुलशन. दोन्हीकडं एकेक टेबल, दोन्हीकडं गर्दी. फार पूर्वी दोन्ही पेठांची माणसं सरमिसळ खेळायची, असं सांगतात. मग एकदा गुलशनमध्ये सामना चालू असताना शेवटचा काळा बॉल थांबला, थोडा विचार केल्यासारखा राहिला, आणि आपोआप घरंगळत जाऊन पॉकेटात पडला. म्हणे कुणी हात लावला नव्हता. त्या एका बॉलवर आम्ही जिंकलो. प्रभातवाले म्हणाले, टेबल उतरतं आहे, मुद्दाम उतरतं ठेवलंय. आमचे म्हणाले, तुमचं नशीब उतरतं आहे. झालं. त्या दिवसापासून वरच्या पेठेतला माणूस पूल ओलांडून दळण घेऊन यायचा, दाढीला यायचा, मयतीला यायचा. खेळायला मात्र यायचा नाही. आम्हीही जात नव्हतो.

दोन्हीकडं जाणारा एकच माणूस होता, दस्तगीर मार्कर. मार्कर म्हणजे टेबल सांभाळणारा, गुण मांडणारा, नवख्याला शिकवणारा. सकाळी प्रभात, दुपारनंतर गुलशन. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. टेबलाचं कापड ताणावं तर चाचांनी, आणि पाणसळ लावून टेबल सपाट करावं तर चाचांनीच. दोन्ही पेठांचे झाडून सगळे खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आणि स्वतः ते जिल्ह्यात एक नंबर खेळायचे, असं जुने लोक सांगतात. मी तो खेळ पाहिला नव्हता, कारण माझ्या वेळेपर्यंत त्यांनी खेळणं सोडलं होतं.

त्याचं असं झालं म्हणे, भांडण पेटलं त्याच आठवड्यात चाचा टेकडीवरच्या पीरसाहेबांकडं गेले. तिथं पायरीवर चॉकचा तुकडा ठेवला आणि बोलले, "माझी दोन्हीकडची लेकरं एका टेबलावर खेळत नाहीत, तोवर मी स्टिकला चॉक लावणार नाही." चॉकशिवाय स्टिक बॉलवरून घसरते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे खेळणंच सोडलं. बारा वर्षं झाली. बोटाला चॉकचा निळा डाग नसलेला मार्कर सबंध मुलखात तेवढा एकच. शिकवताना स्टिक हातात घ्यायचे नाहीत, नुसतं बोटानं दाखवायचे, "इथं मार, बाळ." बोट असं स्थिर की बॉललासुद्धा कळावं.

बाराव्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला. बोलले नाहीत कुणाला, पण एकदा मी पिवळा बॉल मागितला तर त्यांनी पांढरा दिला. पुढच्या वर्षापर्यंत थांबलं तर नवस फिटूनही उपयोग नव्हता. मग चाचांनी स्वतःच पोस्टकार्डं लिहिली आणि आसपासच्या चार गावांच्या हॉलना कळवलं, की माळशिंगीत संघांची स्पर्धा आहे, रविवारी सकाळी या. आम्हाला दोन्ही पेठांना नंतर सांगितलं. पाव्हणे निमंत्रण घेऊन निघालेले, आता नाही कसं म्हणणार? चाचा साधे होते, पण भोळे नव्हते.

खेळायचं कुठं, यावर चार दिवस गेले. तुमच्यात नको, आमच्यात नको. शेवटी ही शेड ठरली. टेबल कुणाचं, यावर आणखी चार दिवस. टेबलाच्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या तीन फरश्या असतात, शेजारी शेजारी बसवलेल्या. प्रभातच्या अडगळीत जुन्या टेबलाचा सांगाडा होता आणि दोन फरश्या. गुलशनच्या मागच्या खोलीत एक फरशी होती आणि रबराच्या कडा. चाचांनी तोड काढली की दोन्ही टोकांना प्रभातच्या फरश्या आणि मधोमध गुलशनची. त्यांच्या दोन, पण आमची मधली. दोन्ही पेठा खूश झाल्या, कारण दोघांनाही वाटलं आपण जिंकलो.

शनिवारी सकाळी ती मधली फरशी गुलशनमधून निघाली. आम्ही दोघं धरून होतो, तर पुलापाशी प्रभातचा कॅप्टन रंगराव तोडकर आडवा आला. म्हणाला, "आम्हीपण धरणार. वाटेत दगड बदलला तर?" मग त्यांचे दोघं, आमचे दोघं, चार कोपरे चौघांकडं. पुलाच्या मध्यावर रंगराव थांबला. फरशी वरच्या पेठेत शिरताना आमचं टोक पुढं पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, फरशी आमची, टोकपण आमचंच पुढं. त्यानं तिकडं फिरवली, मी इकडं फिरवली. आता पाव्हणं, फरशीला कुठलं आलंय पुढचं टोक? पण त्या वेळी आम्हा चौघांनाही ते दिसत होतं.

फरशी कठड्यावरून गेली आणि खाली खडकावर पडून तिचे दोन तुकडे झाले. असं सांगतात की तेव्हा ओढ्याचं पाणी क्षणभर वाहायचं थांबलं. मी तिथं होतो. पाणी वाहत होतं, आम्ही थांबलो होतो. हात कुणाचा सुटला, यावर दोन्ही पेठांची दोन मतं आहेत. माझं मत शेवटी सांगतो.

चाचा शेडमधून धावत आले. तुकड्यांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलंच नाही. तसा दगड मुंबईहून मागवावा लागतो, यायला पंधरा दिवस. पाव्हणे उद्या सकाळी येणार. आम्ही तोवर एकमेकांच्या गळपट्टीला हात घातला होता. चाचा कठड्यावर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे आता. नाही त्याच्या मनात." त्यांना तसं बसलेलं पाहून मला भडभडून आलं, हे कबूल करतो. रंगरावानंही माझी गळपट्टी सोडली.

त्या वेळी खाली ओढ्यात चाचांची बायको, जैतूनचाची, धुणं धूत होती. ती ओल्या पायांनी वर आली. कुणाला एक शब्द बोलली नाही. फुटक्या फरशीच्या बाजूला हात लावून मापून आली होती, तोच हात तसाच धरून ती शेडशेजारच्या आपल्या घरात गेली. मग दारातून हाक मारली, "इकडं या सगळे. पाय पुसून या."

आता चाचीच्या ओट्याचं सांगायला पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून तिनं चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी केली होती. गुडघे गेले होते. उभ्यानं स्वयंपाक करायचा, एवढी एकच हौस. चाचांनी किती वर्षं ओटा करू, ओटा करू म्हटलं, आणि त्याच सोमवारी गवंड्यानं बसवून दिला होता. काळा कडप्पा, आरसा दिसावा असा. परात आणि तवा शेजारी मावावीत म्हणून तिनं हट्टानं अडीच फूट रुंद घेतला होता. ओला होता म्हणून पाच दिवस त्यावर काही शिजवलं नव्हतं. रविवारी पाव्हण्यांची पहिली भाकरी त्यावर व्हायची होती.

"मापात बसतोय," चाची म्हणाली. "दोन बोटं जास्त आहे, तेवढी वडाराकडनं छाटून घ्या. उचला."

चाचा म्हणाले, "नको. तेवढं नको."

"तुम्ही बारा वर्षं हात बांधून बसलाय, ते मला दिसत नाही काय? मी आणखी चार दिस खाली बसीन. मला सवय आहे."

 मग ती आमच्याकडं वळली. "पण एक ऐका. माझा ओटा गेला, तर उद्या मी भाकरी करणार नाही. जो जिंकंल त्यानं करायची, सगळ्यांना. हरणारा खाईल, पाव्हणं खातील, मी खुर्चीवर बसून खाईन. कबूल असंल तर हात लावा."

आम्ही कबूल झालो. त्या वेळी पीर म्हणाला असता टेकडी उचला, तरी कबूल झालो असतो. दगड उचलताना रंगराव माझ्याकडं बघून म्हणाला, "अण्णा, टोक तुझं पुढं राहू दे." मी म्हटलं, "नको, तुझं." आणि त्यावर परत भांडण होणार होतं, पण चाचीनं डोळे वटारले.

दुपारभर चाचा टेबल बसवत होते. कडप्पा पातळ निघाला, तर खाली एसटीच्या तिकिटांच्या घड्या घातल्या. फटी मेणानं भरल्या, ते मेण म्हणे पिराच्या मेणबत्त्यांचं होतं. पाणसळ ठेवली तर आतला बुडबुडा मधोमध येऊन बसला. तरी चाचांनी खात्रीसाठी काळा बॉल मधल्या दगडावर ठेवला. असं सांगतात की शेडशेजारून उसाच्या गाड्या गेल्या, पत्रे थडथडले, पण तो बॉल दुसऱ्या सकाळपर्यंत केसभर हलला नाही. एवढं मात्र मीही शपथेवर सांगेन, कारण मी त्याच्याजवळ चार वेळा जाऊन बघून आलो होतो आणि चारही वेळा रंगराव तिथं आधीच उभा होता.

सकाळी सहा संघ जमले. पहिला ब्रेक कुणी करायचा, म्हणजे रचलेले बॉल कुणी फोडायचे, ते विचारावं लागलं नाही. चाचांनी खिशातून चॉक काढला. स्टिकच्या टोकाला सावकाश घासला आणि वाकले. लोक सांगतात पहिल्याच ब्रेकला चार बॉल पडले. एकच पडला होता. पण चाचांनी बोटाला लागलेला निळा डाग वर करून चाचीला दाखवला, आणि अख्खी शेड ओरडली. दोन्ही पेठा एकदम ओरडल्या तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

दोन दिवसांनी अंतिम सामना प्रभात आणि गुलशनमध्येच आला आणि आम्ही जिंकलो. आनंदानं मी स्टिक डोक्यावर नाचवत होतो, तोवर रंगरावानं माझ्या हातात परात दिली. एवढा खूश झालेला हरलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेडच्या मागं तीन दगडांची चूल मांडली. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर गेली ती एका अंगानं जाड आणि एका अंगानं पापड. प्रभातवाले रांगेनं बसून एकेका भाकरीला टाळ्या वाजवत होते.

एक बरी जमलेली घेऊन मी चाचीकडं गेलो. ती खुर्चीत बसली होती, तिला नीट बसता येत नव्हतं, सवयच नव्हती. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "कच्ची हाय. पण आयुष्यात पहिल्यांदा मी बसलीय आणि दुसऱ्या कुणी केलीय." डोळे पुसले. मग दुसरी आणायला मी वळलो, तर हळूच म्हणाली, "अण्णा, हात पूस आधी. ओल्या हातातनं निसटतं. परवा पुलावरपण तुझाच सुटला."

म्हणजे बघा. ती खाली ओढ्यात होती, तिनं सगळं पाहिलं होतं. आमच्या पेठेचं आजही ठाम मत आहे की हात प्रभातवाल्यांचा सुटला. सुटला माझा. ती त्या दिवशी पुलावर एवढं एक वाक्य बोलली असती, तर प्रभातवाले तिथूनच परत गेले असते आणि चाचांनी पुन्हा चॉक धरला नसता. ती बोलली नाही. ओटा काढून दिला.

पंधरा दिवसांनी मुंबईहून नवी फरशी आली, पण कडप्पा काढू द्यायला कुणी तयार होईना. चाचीच म्हणाली, त्याला आता खेळायची सवय लागली, राहू दे. मग दोन्ही पेठांची माणसं ओढ्यात उतरली आणि फुटक्या फरशीचे दोन तुकडे वर काढले. एक प्रभातनं घासला, एक आम्ही, आणि चाचीच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसवून तिला ओटा करून दिला. ती नवी फरशी गुलशनच्या टेबलाला लागली, आता तिथं बॉल उतरत नाही.

चाचा पुढं नऊ वर्षं, अगदी शेवटपर्यंत खेळले. डोळ्याचं ऑपरेशन दोन्ही पेठांनी मिळून करवलं. त्यांची स्टिक चाचीच्या दाराशी टांगलेली आहे, दर वर्षी पहिला ब्रेक त्याच स्टिकनं करतात.

आजही त्या ओट्याच्या मधोमध सांधा दिसतो. जिंकलेला संघ तिथं उभा राहून भाकऱ्या थापतो आणि पीठ त्या फटीत जाऊन बसतं. चाची चौऱ्याऐंशीची आहे, खुर्ची दारात टाकून बसते आणि प्रत्येक भाकरीला नाव ठेवते. यंदा तुम्ही जिंकलात तर तुम्हालाही ठेवेल, वाईट वाटून घ्यायचं नाही. मी पीठ मळायला असतोच, दर वर्षी, कोण का जिंकेना. आणि दर वर्षी ती सगळ्यांदेखत मला एवढंच म्हणते, "अण्णा, हात पूस." लोकांना वाटतं, म्हातारी स्वच्छतेची आहे. मी हात पुसतो.