शपथेचं पाणी

नदीकाठी राहणाऱ्या एका वृद्धाकडे एकदा दोन राजांचे दूत एकाच दिवशी आले. नदीच्या अलीकडचे लोक मूर्तीपुढे हात जोडत, पलीकडचे मोकळ्या आकाशाकडे पाहून जोडत. लढून लढून दोघेही थकले होते. तह ठरलाही होता, पण शपथ कोणाच्या देवाची घ्यायची, इथं येऊन अडला होता.

वृद्धाच्या शिष्याला चिंता होती ती भावाची. भाऊ नावाडी. पुरात त्याची होडी वाहत पलीकडे गेली आणि परधर्माचा हेर म्हणून त्याला बेड्या पडल्या. अशी साधी माणसं दोन्हीकडच्या तुरुंगांत होती. तहात त्यांचा उल्लेखही नव्हता.

"बाबा, दादाचं तेवढं बोला ना," शिष्य म्हणाला.

"बोललो तर दोघेही म्हणतील, आधी त्यांनी कैदी सोडावेत. जरा दम धर."

मग वृद्ध दूतांना म्हणाला, "शपथ दोन्ही देवांची होऊ द्या. साक्षीदार मात्र मी निवडीन."

त्या मुलखाची रीत अशी, की शपथ घेणाऱ्याच्या ओंजळीत समोरच्या पक्षाच्या माणसानं पाणी घालायचं. बांधलेल्या हातांचं पाणी शपथेला चालत नसे. आणि पाणी घालणारा देवाचा साक्षीदार ठरे. त्याला पुन्हा कोणी बांधू शकत नसे. शत्रूची माणसं आपल्या देवासमोर उभी राहणार, म्हणून दोन्ही राजे खूश झाले. त्यांनी मान्य केलं.

ठरल्या दिवशी नदीच्या वाळूत मांडव उभा राहिला. दोन्हीकडचे धर्मपंडित रेशमी वस्त्रं सावरत साक्षीला पुढे झाले. वृद्ध म्हणाला, "तुम्ही बसा. तुरुंगातली माणसं आणा. सगळी."

"असली माणसं देवाच्या साक्षीला?" अलीकडचा पंडित म्हणाला.

"का? तुमचा देव ओळखत नाही त्यांना?"

पलीकडचे हसले. वृद्ध त्यांच्याकडे वळला, "आणि तुमचा?"

"साक्षीदार एक पुरतो," पलीकडचा राजा पुटपुटला.

"तह एकाच माणसापुरता हवा असेल, तर पुरतो."

शब्द दिलेला होता. बेड्या निघाल्या. एकेक जण येऊन ओंजळीत पाणी घालू लागला. दुपार झाली, राजांच्या हातांना सुरकुत्या पडल्या. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला पलीकडच्या राजानं सहज विचारलं, "कधीपासून आहेस रे?"

"युवराज जन्मले त्या साली धरलं, महाराज. मेंढरू तुमच्या काठाला आलं होतं."

राजानं ओंजळ पुन्हा पुढे धरली. मग स्वतःच म्हणाला, "पुढचा येऊ दे."

संध्याकाळी भावाच्या घोट्यांवरचे वळ तेलानं चोळताना शिष्यानं विचारलं, "बाबा, देवाला मध्ये घातलं म्हणूनच युद्ध झालं. तुम्हीही त्यालाच मध्ये घातलंत?"

वृद्ध म्हणाला, "देवाला दूर ठेवा म्हणालो असतो, तर कोणी ऐकलं असतं? त्यांची भक्ती खोटी नव्हती रे. पण देवाला त्यांनी सीमेवर पहाऱ्याला उभं केलं होतं. मी त्याला तुरुंगाच्या दाराशी नेलं. माणूस ज्याला भितो आणि ज्याच्यावर माया करतो, त्याच्यासमोर दुसऱ्याच्या बेड्या दिसल्या, की माणसाला मान फिरवता येत नाही."

"पण थोरला देव कोणाचा, ते राहिलंच की," भाऊ हसत म्हणाला.

"राहू दे. त्यावर वाद घालायला दोन्हीकडची माणसं आधी घरी पोचू देत."

शिष्यानं दिवा पुढे ओढला आणि भावाचा दुसरा पाय मांडीवर घेतला.