मेंढी मधे, बाई कडेला

एका माळावर धनगरांचा एक तळ उतरला होता. तळात ठकूबाई नावाची बाई होती. अशी बाई शोधून सापडायची नाही, बरं का. घोड्यावर बिऱ्हाड लादावं तिनं, कोकरं जगवावीत तिनं, आणि मेंढरांच्या कडेला राखणीला झोपावं तेही तिनंच. तिची झोप सावध, म्हणून ती जागा सगळ्यांनी तिलाच देऊन टाकलेली. तिलाही त्याचा अभिमान होता.

पण एकदा लांडग्यानं कोकरू नेलं. तेव्हापासून तिचा डोळा लागेना. पान हललं तरी छाती धडधडायची. असे महिने गेले. लांडगा काही परत आला नाही. तरी ठकूबाईचे केस गळू लागले. भाकरी थापता थापता हात थांबायचा, काय करत होते तेच आठवायचं नाही. आणि अंगावरच्या लेकराला दूध पुरेना. लेकरू वाळत चाललं.

सासूनं दृष्ट काढली. नवरा सिदू म्हणाला, "जरा पोटभर खात जा की. तुला कुणी बोट तरी लावलंय का?"

ठकूबाई भाकरी थापायला वळली. भ्याले म्हटलं तर लोक हसतील ना!

मग एका मेंढीचं दूध आटलं. सिदूनं तिला चाचपून बघितलं. जखम नाही, ताप नाही. "कडंला राहून भेदरलीया बिचारी," तो म्हणाला, आणि तिला कळपाच्या मधोमध नेऊन सोडलं. हळूहळू मेंढी निवांत रवंथ करू लागली. तिला पान्हा फुटला.

ठकूबाई बघत होती. सगळा तळ जेवायला बसल्यावर ती उभी राहिली.

"धनी, त्या मेंढीलाबी कुणी बोट लावलं नव्हतं. तरी तिला मधी घेतलंत. मग मलाच का कडंला ठेवलंय? मला भ्या वाटतंय. रोज वाटतंय."

सासू उठली. तिनं सुनेचं घोंगडं उचललं आणि मधे, आपल्या शेजारी अंथरलं. "राखणीला बाप्ये मेलेत का रं?" ती लेकावर खेकसली.

राखणीच्या पाळ्या लागल्या. ठकूबाईला लगेच झोप आली असं नाही. भ्यालेलं अंग सावकाशच निवतं. पण लेकरू पोटभर पिऊ लागलं.

पुढं सिदू बाजारात ताठ मानेनं सांगायचा, "लांडगा तर मीबी हाकलतो. पण भ्या वाटतंय असं चारचौघांत उभं राहून सांगायची हिंमत आमच्या बाईचीच!"

तात्पर्य: रोजची धास्ती जखम न करताही बाईचं मन आणि अंग पोखरते. ती बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, आणि तिचा भार वाटून घेणं हे घरच्यांचं काम आहे.