घोडा देऊन घेतलेली बंदूक

आठवी गोळीही गेली ती थेट चिंचेच्या झाडात! निशाणाची फळी जागच्या जागी, कोरी करकरीत. चिंचेवरच्या कावळ्यांनी मात्र काव काव करत गावच सोडलं.

चांदवणी संस्थानचे रणधीरराव महाराज लालबुंद झाले. होणारच की! ही बंदूक त्यांनी शेजारच्या संस्थानिकाकडून केवढ्या हौसेनं आणली होती. त्याच्या स्वर्गवासी काकांनी ती विलायतेतल्या कारागिराकडून, खास आपल्या अंगाच्या मापानं, नेमबाजीसाठी बनवून घेतलेली. तिच्या बदल्यात महाराजांनी आपला लाडका पंचकल्याणी घोडा देऊन टाकला. आणि घरी आल्यावर या बंदूकबाईसाहेबांचे एकेक गुण बाहेर पडायला लागले! चापाला बोट लागायचा अवकाश, की धडाड! पहिल्याच दिवशी दिवाणजींची पगडी उडाली. नेमकी शिंक आली आणि दिवाणजी खाली वाकले, म्हणून डोकं तरी वाचलं. मागचा लाकडी दस्ता गालावर असा आदळायचा, की महाराजांचा उजवा गाल पुरीसारखा टम्म फुगला. दृष्ट लागली असेल म्हणून नळीला लिंबू बांधून झालं. छे! गोळी आपली चिंचेतच.

"दस्तगीर!" महाराज गरजले.

शिलेखान्यातली हत्यारं घासूनपुसून लखलखीत ठेवणारा दस्तगीर शिकलगार हात जोडून पुढे आला.

"दसऱ्याला पाहुणे येणार आहेत. त्यांच्यादेखत याच बंदुकीनं मला निशाण फोडायचंय. तोवर हिला वठणीवर आण! पण हिला कानस लावायची नाही. स्क्रू फिरवायचा नाही. निशाण हलवायचं नाही. आणि आमचा हात चुकतो असं तोंडातून काढलंस, तर याद राख! जमलं नाही तर बायकापोरांसकट संस्थानाबाहेर!"

बिचारा दस्तगीर! त्याच्या पाच पिढ्या याच शिलेखान्यात गेल्या होत्या. घरी आला तो डोक्याला हात लावून ओट्यावर बसला. त्याची लेक जैतून अंगणात तलवारीला राख चोळत होती.

"अब्बा, बंदुकीत खोट आहे?"

"खोट कसली, पोरी? बंदूक सोन्यासारखी आहे! पण गाल टेकायचा खळगा उजव्या अंगाला कोरलाय. म्हणजे ते काका होते डावखुरे. ही बंदूक डाव्या खांद्यावरच धरायची, आणि महाराज धरतात उजव्या!"

"मग सांगून टाका की!"

"काय सांगू? सरकार, घोडा देऊन दुसऱ्याच्या मापाची बंदूक घेतलीत म्हणून? जीभ जाग्यावर ठेवतील का माझी? आणि भर दरबारात राजानं डाव्या हाताला शस्त्र धरायचं? छे छे!"

जैतूननं जरा विचार केला. "पण मग महाराजांना ती पसंत पडली कशी?"

"तिथं तर पहिल्या गोळीत मडकं फोडलं त्यांनी! जेवणं झाली होती, गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता सहज उचलली आणि धाड! मी बाहेर घोड्यापाशी होतो. नुसता आवाज ऐकला."

"सहज उचलली?" जैतूनचा तलवारीवरचा हात थांबला. मग ती हसायलाच लागली. "अब्बा, उद्या मला घेऊन चला. काही बोलू नका, नुसतं बघा!"

दुसऱ्या दिवशी मैदानात सगळा दरबार जमला. दिवाणजी नवी पगडी दोन्ही हातांनी धरून वडाच्या बुंध्याआड उभे होते. जैतूननं महाराजांना मुजरा केला आणि नळीचं लिंबू सोडून हातात घेतलं.

"अगं, अगं! दृष्ट लागेल ना!" महाराज ओरडले.

"झेला, सरकार!"

आणि लिंबू सुसाट महाराजांच्या अंगावर! महाराजांनी ते अलगद झेललं. दरबार गार पडला. दस्तगीरनं तर डोळेच मिटून घेतले.

"राजावर लिंबू फेकतेस?"

"गुन्हा कबूल, सरकार! पण झेललंत कोणत्या हातानं?"

महाराजांनी आपल्या हाताकडे पाहिलं. डावा! त्यांनी तो चटकन पाठीमागे लपवला.

"लहानपणी या हातानं पाटीवर अक्षर काढलं, की पंतोजी सपकन छडी मारायचे," ते हळूच म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता. जैतूनला वाईटच वाटलं.

"आता इथं कोण छडी मारतंय, सरकार? मडकं फोडलं ते याच हातानं. तिथं गप्पांच्या नादात तुम्ही बंदूक तुमच्या मनासारखी धरलीत. इथं चारचौघांत लोकांच्या मनासारखी धरता. एकदा तिच्या मनासारखी धरून तर बघा!"

महाराजांनी बंदूक उचलली. डाव्या खांद्यावर ठेवली. गाल खळग्यात असा बसला, जणू उशीवर टेकला. धडाड! फळीच्या बरोब्बर मधोमध भोक! दिवाणजींनी पगडी सोडून टाळ्या वाजवल्या.

पण महाराजांनी भुवया चढवल्या. "थांब! आमचा हात चुकतो असं म्हणायचं नाही, अशी अट होती. ती मोडलीस तू!"

"कुठं मोडली, सरकार? तुमचा एकही हात चुकत नाही! उजवा राज्य चालवण्यात गुंतलाय. डावा बिचारा तयारीचा, पण त्याला इतकी वर्षं कुणी कामावरच घेतलं नाही!"

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसता सुजलेला गाल दुखला, तरी हसतच राहिले.

"दस्तगीर, तू आणि तुझ्या पुढच्या पाच पिढ्या इथंच! आणि तू गं, चतुर पोरी! आता तूच सांग. बक्षीस उजव्या हातानं देऊ की डाव्या?"

"जो हात सढळ असेल त्यानं द्या, सरकार!"

"अरे वा! म्हणजे दोघांत भांडण लावतेस?" असं म्हणत, हसत हसत महाराजांनी दोन्ही मनगटांतली सोन्याची कडी काढली आणि जैतूनच्या ओंजळीत टाकली.