चारशे तेरावा प्रश्न

"पण ही पुस्तकं मठात कशासाठी, बुवा?"

मुळेसरांनी उभ्या उभ्याच विचारले. पायाशी कुलूप लावलेली ट्रंक होती. साडेचारची एस.टी. धरायची होती.

अंतोबुवा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. चार दिवसांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. डाव्या डोळ्याने त्यांनी आधी ट्रंक पाहिली, मग मुळेसर पाहिले.

"वाचायला," बुवा म्हणाले.

उंबरठीचा मठ लहान आहे. एक समाधी, एक ओसरी, स्वयंपाकघर आणि बुवांच्या गुरूंनी काढलेले वाचनालय. पहिल्या कपाटात लहान मुलांची पुस्तके. राक्षस, पऱ्या, बोलणारे उंदीर. दुसऱ्यात नुकते मिसरूड फुटलेल्यांची. गुहा, खजिने, चोरवाटा. तिसऱ्यात मोठ्यांची. खून आणि प्रेम, बहुधा एकाच पुस्तकात.

गावकरी दुपारी येत, समाधीला नमस्कार करत आणि पुस्तक बदलून नेत. काही जण नमस्कार विसरत. पुस्तक कोणी विसरत नसे.

चौथ्या कपाटात भाष्ये होती. त्याची किल्ली मुळेसरांकडे असे. ती आणखी कोणी कधी मागितली नाही.

जनार्दन मुळे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी मठात आले. बुवांनी कानात मंत्र द्यावा, शिष्य म्हणून पत्करावे, एवढीच मागणी होती.

मठाची रीत अशी, की ज्याला अनुग्रह द्यायचा त्याला बुवा आदल्या संध्याकाळी एकच वाक्य सांगत. "उद्या पहाटे अंघोळ करून या." तीन वर्षांत हे वाक्य एका गवंड्याला, दोन शिक्षिकांना आणि एका एस.टी. कंडक्टरला ऐकायला मिळाले. मुळेसरांना मिळाले नाही.

अंघोळ मात्र ते रोज पहाटे करत. थंड पाण्याने. ऐन वेळी तयारी नाही असे व्हायला नको. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, आणि गाव त्यावर पुरेसे बोलत असे.

"मी स्पष्टच बोलतो," मुळेसर म्हणाले. "आज तीन वर्षं पूर्ण झाली. मला अनुग्रह मिळणार आहे की नाही?"

"तुम्ही अजून मला काही विचारलंच नाहीत."

"विचारलं नाही?" मुळेसरांनी काखेतली वही पुढे धरली. "चारशे बारा प्रश्न आहेत यात. तारीखवार."

"आणि त्याखाली?"

"त्याखाली उत्तरं."

"कोणाची?"

वही चाळून पाहण्याची गरज नव्हती. प्रत्येक प्रश्नाखाली 'उत्तर' असे लिहून, दोन टिंबे देऊन, मुळेसर बुवांकडे येण्याआधीच उत्तर लिहून ठेवत. मग बुवांना विचारत. बुवा काय म्हणाले ते जुळले तर बरोबरची खूण. जुळले नाही तर पुढे लिहीत : 'बुवांचे मत वेगळे.'

"ही अभ्यासाची पद्धत आहे," ते म्हणाले.

"चांगली आहे."

"तुम्ही थट्टा करता."

"नाही हो, प्रोफेसर. अक्षरही चांगलं आहे."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सगुणाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे. त्यांनी सुपात तोंड खुपसल्यासारखे केले.

मुळेसरांनी खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला.

"जाण्याआधी एक काम करून जातो. ही यादी. मठातून काढून टाकायची पुस्तकं. दोनशे चाळीस. उद्या माझ्या जागी कोणी खरा साधक आला, तर त्याला इथे बसल्यावर लाज वाटू नये."

यादी उत्तम होती. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'निरुपयोगी' लिहून खाली शेवटपर्यंत 'सदर' अशा खुणा ओढल्या होत्या. त्यांपैकी एकही पुस्तक उघडून पाहिलेले नव्हते. तसा रकानाच नव्हता.

बुवांनी यादी डाव्या डोळ्याजवळ नेली.

"सगळी वाचलीत?"

"नावांवरून कळतं."

"हं... लहानपणी काय वाचत होता तुम्ही?"

"सुबोध तर्कशास्त्र."

"त्याच्या आधी?"

मुळेसरांनी वही खाली ठेवली. मग म्हणाले, "चौथीत एकदा बक्षीस मिळालं होतं. गोष्टीचं पुस्तक. वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत परत नेलं आणि त्याऐवजी शब्दकोश आणला."

"कसलं पुस्तक होतं?"

"मुखपृष्ठावर बोट होती."

"कुठं चालली होती?"

"वाचलं नव्हतं ना मी."

बुवांनी मान हलवली. शेजारचे एक पुस्तक उचलून पुढे केले. पातळसेच होते. पुठ्ठा तीनदा बदललेला, कडेला चिकटपट्टी. 'खडकबेटाचा दिवा'.

"यादीत आहे हे," मुळेसर म्हणाले. "तीनदा आलं आहे. तिन्ही कपाटांत नोंद कशी?"

"ते फिरतं. पोरं पहिल्या कपाटात ठेवतात, कॉलेजवाली दुसऱ्यात. पाटलांच्या सासूबाई तिसऱ्यात ठेवतात, त्यांना ते खुनाचं वाटतं. बसा. आता एक वाजलाय. डॉक्टरनी मला आठ दिवस वाचायचं नाही म्हणून सांगितलंय. गाडी येईपर्यंत वाचून दाखवा."

"मी?"

"सगुणाबाईला अक्षर जुळवत वाचावं लागतं. माणूस पाण्यात पडला, तर वर यायला तिच्या हातून फार वेळ लागतो."

"बुडतोयच त्यो," सगुणाबाई म्हणाल्या.

मुळेसर ट्रंकेवर बसले. गुरूची शेवटची सेवा म्हणून वाचायला काहीच हरकत नव्हती.

"प्रकरण पहिले," त्यांनी सुरुवात केली.

परिपत्रक वाचावे तसे ते वाचत होते. समुद्रात एक खडक, खडकावर दीपगृह. त्याचा रखवालदार भानजी एका वादळानंतर नाहीसा होतो. लोक जाऊन पाहतात, तर दीपगृहाच्या दाराला बाहेरून कुलूप. आत कोणी नाही. तरी रोज संध्याकाळी दिवा लागतो.

"कसं शक्य आहे?" मुळेसर वाचता वाचता म्हणाले. "बाहेरून कुलूप आहे म्हटल्यावर..."

"पुढं वाचा," बुवा म्हणाले.

भानजीला बारा वर्षांची मुलगी, चंपा. ती दोन चुलतभावांना घेऊन बोट काढायचे ठरवते. बंदरावर एक म्हातारा दर्यावर्दी बसलेला असतो. तो खोकत खोकत सांगतो, जाऊ नका.

"सर," सगुणाबाई म्हणाल्या, "त्यो खोकतोय न्हवं? मग खोका की."

"पुस्तकात 'खोकत म्हणाला' असं दिलेलं आहे."

"तेच म्हंते मी. खोकल्याबिगर त्याचं ऐकंल कोन?"

मुळेसरांनी बुवांकडे पाहिले. बुवांनी डोळा मिटला होता. मुळेसर बारीकसे खोकले. मग म्हाताऱ्याचे वाक्य वाचले. पुढल्या खेपेला म्हातारा आला तेव्हा ते जरा जास्त खोकले.

तिसऱ्या प्रकरणाशी ते ट्रंकेवरून उतरून ओसरीवर मांडी घालून बसले होते.

पाचव्याशी सगुणाबाई चहा घेऊन आल्या. मुळेसरांना खूण ठेवायला काही हवे होते. हाताशी फुलस्केप होता. त्यांनी तो पुस्तकात घातला, चहा दोन घोटांत संपवला आणि फुलस्केप काढून बाजूला टाकला. तो वाऱ्याने अंगणात गेला. कोणी आणायला उठले नाही.

मध्येच त्यांच्या लक्षात आले, बुवांचे ओठ हलत आहेत. वाक्य ते वाचण्याआधीच.

"हे तुम्ही आधी वाचलं आहे?"

"अकरा वेळा."

"मग परत का ऐकता?"

"बोट खडकाजवळ आलीय, मुळे."

आली होती खरी. मुळेसर पुढे वाचू लागले. आता त्यांचा आवाज चढत होता, खाली येत होता. चंपा घाबरली की ते घाबरत. धाकटा चुलतभाऊ भित्रा होता, त्याच्यावर ते चिडत. लाट आली, बोट कलली, वल्हे हातचे सुटले...

दाराशी एस.टी. थांबली.

हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. कंडक्टर दारातून ओरडला, "मुळेसर, येताय न्हवं? ट्रंक वर टाकू का?" हाच तो अनुग्रह घेतलेला कंडक्टर. गाडी दोन मिनिटे थांबवण्याइतका त्याला मठाचा आदर होता.

सगुणाबाई हाक मारायला उठल्या. बुवांनी मांडीवरचे एक बोट वर केले. एवढेच. त्या बसल्या.

कंडक्टरने ओसरीकडे पाहिले. मुळेसर एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताने हवेत वल्हे मारत होते. त्याने थोडा वेळ ऐकले. मग डबल बेल दिली.

धुरळा खाली बसला. मुळेसर वाचत होते.

बोट उलटली. मुले पोहत खडकाला लागली. दाराचे कुलूप गंजलेले होते, दगडाने तुटले. आत गोल जिना. एकशे चाळीस पायऱ्या. चंपा पुढे, बाकीचे मागे. बाहेर सूर्य समुद्राला टेकला होता, म्हणजे दिवा लागायची हीच वेळ. वरून कसलासा आवाज आला. कोणीतरी काच पुसत होते. चंपाने शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, दार ढकलले, आणि तिला दिसले की...

मुळेसरांनी पान उलटले.

पुठ्ठा होता.

त्यांनी पान परत आणले. पुन्हा उलटले. पान पुठ्ठ्याला चिकटले असावे तसे बोटाने चाचपून पाहिले.

"पुढची पानं?"

"न्हाईत," सगुणाबाई म्हणाल्या.

"नाहीत म्हणजे?"

"म्हंजे न्हाईत. पुस्तक आलं तवापासनं न्हाईत."

"हे मला आधी सांगायला नको?"

"तुमी इचारलं न्हाई."

मुळेसर बुवांकडे वळले. "बुवा, दुसरी प्रत असेल ना? शहरात? प्रकाशकाकडे?"

"माझ्या गुरूंनी तीस वर्षं शोधली. मी पुढं पंचवीस."

"पण शेवट कोणाला तरी ठाऊक असेल!"

"सगळ्यांना आहे की," सगुणाबाई म्हणाल्या. "पाटलांच्या सासूबाई म्हंत्यात भुताचं काम. कंडक्टर म्हंतोय, त्यो खोकनारा म्हाताराच चोरवाटंनं जातोय. मला इचाराल तर भानजी मेलाच न्हाई."

"हे अंदाज आहेत!"

"मग? तुमी सांगा."

मुळेसरांनी तोंड उघडले. सवयीने उघडले. तीन वर्षे, आणि त्याआधी कॉलेजात एकोणीस वर्षे, ते उघडले की आतून काही ना काही बाहेर येत असे.

काही आले नाही.

त्यांना शेजारची ट्रंक दिसली. अंगणातल्या सावल्या विहिरीपर्यंत गेल्या होत्या.

"गाडी?"

"गेली," बुवा म्हणाले.

"केव्हा?"

"बोट उलटली तेव्हा."

"मला हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही बुडत होता."

पुस्तक मुळेसरांच्या मांडीवर तसेच उघडे. सगुणाबाईंनी तांदळाचे सूप उचलले आणि त्या आत गेल्या. दारातून पुन्हा डोकावल्या. तिथेच उभ्या राहिल्या.

"बुवा..."

"हं."

"दिवा कोण लावत होतं?"

"मला ठाऊक नाही."

"खरंच?"

"खरंच."

"बारा वेळा ऐकूनही?"

"पहिल्या वेळी वाटलं होतं ठाऊक आहे..." बुवा म्हणाले. "तेव्हा मी तुमच्या वयाचा होतो."

मुळेसरांनी वही ओढली. सवयीने तारीख घातली. ४१३ असा आकडा घातला. लिहिले : 'दिवा कोण लावत होते?'

त्याखाली 'उत्तर' लिहिले. दोन टिंबे दिली.

पेन कागदावर टेकलेले राहिले. शाईचा एक ठिपका उमटला, वाढला. मुळेसर त्याच्याकडे पाहत होते, चौथीतला मुलगा मुखपृष्ठावरच्या बोटीकडे पाहील तसे.

मग त्यांनी पेनला टोपण लावले.

वही मिटली नाही. तशीच उघडी ठेवली, आणि वाचनालयातले पुस्तक तेवढे दोन्ही हातांनी सांभाळून मिटले.

"कोणत्या कपाटात ठेवू?" त्यांनी विचारले.

बुवांनी एका डोळ्याने वहीतली कोरी जागा पाहिली. सावकाश पाहिली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"ठेवा कुठंही," ते म्हणाले. "आणि उद्या पहाटे अंघोळ करून या."